काउंटीचं पार्क सांभाळायचंय? मग या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत इथे न्यू जर्सीत बरीच मराठी मंडळी टाउनशिपच्या नि काउंटीच्या (म्हणजे इथल्या गाव नि जिल्हा पातळीवरच्या सरकारांच्या) कमिट्यांवर जायला लागलीत, मला त्याचा खरंच आनंद आहे. परवा मंडळातल्या दोघांचे फोन आले, अगं तू पार्क खात्यात आहेस ना, आम्हाला पार्कच्या ॲडव्हायझरी कमिटीवर घेतलंय, नक्की काय बघायचं असतं ते सांग. सांगता सांगता तास गेला आणि निम्मं राहूनच गेलं, म्हणून म्हटलं लिहूनच काढू. मी इथल्या एका काउंटीत पार्क मेंटेनन्सला आहे, ऑफिसात कमी आणि पिकअपमध्ये जास्त असते, तेव्हा हे सगळं चिखलात उभं राहून बघितलेलं आहे.

एक गोष्ट आधी सांगते कारण मला तिचा अभिमान वाटतो. अमेरिकेतलं पहिलं काउंटी पार्क खातं आपल्या जर्सीतच सुरू झालं, एसेक्स काउंटीत, १८९५ साली. एप्रिलमध्ये चेरी ब्लॉसम बघायला आपण सगळे न्यूअर्कला ज्या ब्रँच ब्रूक पार्कात जातो ते त्यांचंच. सव्वाशेच्या वर वर्षं झाली, आणि दरवर्षी कोणीतरी ती झाडं छाटली, नळ दुरुस्त केले, कचरा उचलला म्हणूनच आपल्याला आज तिथे फोटो काढायला मिळतात.

फीत कापायला पैसे मिळतात, गवत कापायला मिळत नाहीत

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. नवीन काही करायचं म्हटलं की पैसा उभा राहतो. मोकळ्या जागा राखायची राज्याची ग्रीन एकर्स योजना १९६१ पासून आहे, त्याच कामासाठी काउंटीचा ओपन स्पेस टॅक्स आहे, शिवाय केंद्र सरकारचा लँड अँड वॉटर कॉन्झर्वेशन फंड, जो समुद्रातल्या तेल-गॅसच्या उत्पन्नातून येतो आणि २०२० च्या कायद्यापासून दरवर्षी ९० कोटी डॉलर धरलेला असतो. पण हे पैसे मुख्यतः जमीन घ्यायला आणि बांधायला, रोजचं झाडणं-पुसणं आणि माणसांचे पगार त्यातून सहसा निघत नाहीत, ते काउंटीच्या चालू बजेटमधून येतात आणि तिथे दरवर्षी ओढाताण असते.

म्हणजे होतं काय की स्प्लॅश पॅड (मुलांना भिजत खेळायची कारंज्यांची जागा) मंजूर होतं, मुलं नाचतात, पेपरात फोटो येतो, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पंप बंद पडतो, कारण शनिवारी सकाळी येऊन पाण्याचं क्लोरीन तपासायला, फिल्टर धुवायला माणूसच दिलेला नसतो. कमिटीत असाल तर नकाशा समोर आला की मत देण्याआधी एवढंच विचारा, हे रोज सकाळी कोण उघडणार, वर्षाला किती खर्च येणार, आणि दहा वर्षांनी बदलायची वेळ आली की पैसे कुठून आणणार. उत्तर लेखी मागा. त्याने कोणी दुखावलं तरी चालेल.

जमिनीला बांधलेली दोरी विसरू नका

ही चूक वरवर दिसत नाही पण फार महागात पडते. एखाद्या पार्कला त्या केंद्राच्या फंडाचे पैसे एकदा लागले की ती जागा कायमची मोकळ्या हवेतल्या करमणुकीसाठी बांधली जाते. उद्या तिथे फायर स्टेशन, लायब्ररी किंवा दुसऱ्या खात्याचं पार्किंग करायचं ठरलं तर नॅशनल पार्क सर्व्हिसची परवानगी लागते आणि बदल्यात निदान तेवढ्याच किमतीची, तेवढीच उपयोगी दुसरी जमीन द्यावी लागते. ग्रीन एकर्सच्या जमिनींनाही असंच बंधन आहे. आणि पैसे ३०-४० वर्षांपूर्वी घेतलेले असतात, तेव्हाची माणसं रिटायर झालेली, फाइल कुठल्या तरी तळघरात, नवीन इंजिनिअर बिचारा प्लॅन काढून मोकळा होतो आणि काम अर्ध्यात अडकतं. प्रत्येक पार्कच्या नकाशावर कुठल्या वर्षी कुठले पैसे लागले ते लिहून ठेवा, भिंतीवर लावा खरंतर.

याच नियमात अजून एक आहे, असं पार्क फक्त आपल्या काउंटीच्या रहिवाशांसाठी बंद ठेवता येत नाही, आणि बाहेरच्यांना फी जास्त लावली तरी ती रहिवाशांच्या दुपटीपेक्षा जास्त चालत नाही. "बाहेरचे येऊन गर्दी करतात" ही तक्रार दर मीटिंगला येते, तेव्हा हे माहिती असलेलं बरं.

झोपाळ्याखालचा खड्डा

आता माझ्या मनाच्या अगदी जवळचा विषय. प्लेग्राउंडवर गेलात की लोक रंग बघतात, घसरगुंडी बघतात. तुम्ही खाली बघा. प्लेग्राउंडवर मुलांना लागतं ते बहुतेक वेळा पडून लागतं, त्यामुळे खालची जमीन कशी आहे हाच मुख्य प्रश्न. लाकडाच्या चिप्स असतील तर निदान ९ इंच थर हवा, आणि नवीन भरताना १२ इंच भरायचा कारण तो पुढे दबून पाव भागाने तरी कमी होतो. बिल बघितलं की १२ इंच दिसतात, म्हणून ऑफिसात सगळे निश्चिंत.

मी एक लाकडी पट्टी बाळगते, तिच्यावर ९ इंचाला लाल रेघ मारलेली आहे. मैदानाच्या कडेला खुपसली की रेघ चिप्सच्या आत जाते, छान. मग झोपाळ्याखाली जायचं, जिथे प्रत्येक मूल पाय घासून थांबतं, तिथे पट्टी खुपसली की टक्क करून खालच्या घट्ट मातीवर आपटते, दोन इंच सुद्धा नसतात. घसरगुंडीच्या तोंडाशीही तेच. म्हणजे जिथे मूल पडणार नेमकं तिथेच काही नाही आणि जिथे कोणी जात नाही तिथे गादी. यावर उपाय काही मोठा नाही, एक दाताळं आणि दहा मिनिटं, कडेचं आत ओढायचं, पण हे सीझनमध्ये दर आठवड्याला करायला लागतं, आणि शक्य असेल तर झोपाळ्याखाली रबराची मॅट पुरून टाका म्हणजे खड्डाच पडत नाही.

अजून दोन गोष्टी. साडेतीन इंच ते नऊ इंच यामधली कुठलीही फट धोक्याची, कारण त्यातून लहान मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं, रेलिंगची एक दांडी निखळली की अशी फट तयार होते, तेव्हा ते "पुढच्या आठवड्यात बघू" असं काम नाही, त्याच दिवशी टेप लावून बंद करायचं. आणि झोपाळ्याच्या पुढे-मागे मोकळी जागा हवी ती वरच्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे दांडी ८ फुटांवर असेल तर पुढे १६ आणि मागे १६ फूट. हौसेने कोणीतरी आठवणीचं बाकडं दान देतं आणि आपण ते नेमकं त्याच जागेत बसवतो, हे मी स्वतः बघितलंय.

झाडाच्या गळ्याशी मल्चचा ढीग

वसंत ऋतूत सगळीकडे दिसतं, खोडाभोवती मल्चचा, म्हणजे लाकडाच्या-सालीच्या तुकड्यांचा डोंगर, वरून निमुळता, अगदी ज्वालामुखीसारखा. दिसायला नीटनेटकं म्हणून कॉन्ट्रॅक्टरही तसंच करून जातात. पण त्या ढिगात खोडाची साल सतत ओली राहते, कुजायला लागते, उंदीर आत बसून साल खातात, आणि झाड वरच्या वर मुळं फेकायला लागतं, ती मुळं खोडालाच वेढा घालतात. झाड लगेच मरत नाही ना, आठ-दहा वर्षांनी शेंडा वाळतो आणि तेव्हा कोणालाच मल्च आठवत नाही.

एकदा एका मेपलशी गुडघे टेकून मी हाताने मल्च बाजूला करत गेले, वरचा थर कोरडा, मग काळा ओला, मग आंबूस वास, आणि खाली अंगठ्याएवढं जाड मूळ खोडाला आडवं घट्ट चिकटलेलं, गाईला दावं बांधावं तसं. ते छिन्नीने तोडलं. झाड अजून आहे. नियम सोपा आहे, मल्च दोन ते चार इंच जाड, खोडापासून लांब, आणि खोड जिथे जमिनीत जाताना फाकतं तो भाग उघडा दिसला पाहिजे. हे कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहा, नुसतं तोंडी सांगून होत नाही.

आणि ॲशची झाडं. एमराल्ड ॲश बोरर हा ही झाडं पोखरून मारणारा हिरवा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि २०१४ मध्ये आपल्या जर्सीत. मेलेलं ॲश फार लवकर ठिसूळ होतं, वारा नसतानाही फांद्या पडतात, चढून कापणाऱ्या माणसाच्या जिवालाही धोका. चूक ही की सगळं जंगल मोजत बसायचं. आधी पिकनिकची जागा, पार्किंग, ट्रेलच्या कडा, शाळेची बस थांबते ती जागा, तिथली ॲश मोजा, चांगल्या मोजक्या झाडांना दर दोन-तीन वर्षांनी खोडातून औषध द्या, बाकीची काढा आणि त्याच वर्षी दुसऱ्या जातीची लावा.

तळं, गवत आणि गीझ

तक्रार येते, पायवाटेवर सगळीकडे कॅनडा गीझची (रानटी हंसांची) घाण आहे, काहीतरी करा. कारण बहुतेक वेळा आपणच, पार पाण्याच्या काठापर्यंत गवत कापून गालिचा केलेला असतो, त्यांना तो चरायला आणि पाण्यात पटकन शिरायला आवडतो. काठाने रुंद पट्टा उंच गवताचा, झुडपांचा राहू द्या, त्यांना पलीकडे काय आहे ते दिसत नाही म्हणून ते तिथून चढायला कचरतात. पहिल्या वर्षी लोक म्हणणार गवत वाढलंय, खातं झोपलंय, तर तिथे पाटी लावा की मुद्दाम ठेवलंय. त्यांची संख्या कमी करायची म्हणून मनाने अंड्यांना हात लावू नका, स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि आधी नोंदणी करावी लागते. आणि आपल्याच मुलांना सांगा, ब्रेड-पोळी घालू नका, पुण्य बिण्य काही नाही त्यात, त्यांना त्रासच होतो.

क्रिकेट आणि आपली पिकनिक

इथे मी दोन्हीकडची आहे म्हणून दोघांनाही सांगते. खात्याची चूक अशी की क्रिकेटला "जागा उरली तर" अशा हिशेबाने दोन बेसबॉल मैदानांच्या मध्ये कोंबतात. २२ यार्डांचं पिच दिसतं छोटं पण पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्याची बाउंड्री ६५ ते ९० यार्डांवर असते, ती चारही बाजूंना धरा, मग कळतं की षटकार कुठे जाणार, चालायच्या वाटेवर नाहीतर टेनिस खेळणाऱ्यांच्या डोक्यात. आधी वर्तुळ आखा, मग वाटा आखा. पिच काँक्रीटचं असेल आणि थंडीत तिथेच सॉकर होत असेल तर ते झाकायची सोय पहिल्याच दिवशी करा. सॉकरचे हलवता येणारे गोलपोस्ट नेहमी जमिनीला खिळलेले हवेत, मुलं आडव्या दांडीला लोंबकळतात आणि गोल अंगावर पडून मुलं दगावलेली आहेत या देशात, यात हयगय नको.

आता आपली चूक. पॅव्हिलियन (पिकनिकची छपराची जागा) १०० जणांचं बुक करायचं आणि १८० जण यायचं. स्वयंपाक झाला की शेगडीतले निखारे झाडाच्या बुंध्याशी ओतायचे, राखच तर आहे म्हणून, ती मुळं भाजून निघतात हो. निखाऱ्यांचा वेगळा लोखंडी डबा असतो, नसेल तर फोन करून मागा, आम्ही आणून देतो. आणि खात्याने सुद्धा नियमांची पाटी परमिटबरोबर आधी पाठवावी, आमटीची पातेली उतरवताना रेंजरने येऊन सांगणं म्हणजे दोघांचाही दिवस खराब.

थंडीच्या आधीचं पाणी

ही माझी चूक आहे आणि अजून सलते. एका वर्षी पार्कातल्या स्वच्छतागृहाचं पाणी मी मुख्य व्हॉल्व्हला बंद केलं, नळ उघडे सोडले, कुलूप लावलं आणि यादीत टिक केली. कॉम्प्रेसरने हवा मारून पाइप रिकामे करायचे राहिले, कॉम्प्रेसर दुसऱ्या पार्कात होता आणि अंधार पडत आला होता. मार्च अखेरीस पाणी सोडलं तर भिंतीतून आवाज आला आणि बेसिनखालून पाणी वाहायला लागलं. टाइल फोडून बघितलं तर तांब्याच्या पाइपचा वळणाचा जोड (एल्बो) शेंगेसारखा उभा चिरलेला, आत बर्फ फुगून. सीझनचे पहिले पाच आठवडे त्या पार्कात भाड्याचे पोर्टेबल टॉयलेट उभे होते, आणि तिथे रोज चालायला येणारे आजी-आजोबा यायचे बंद झाले, ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून यादीत "पाणी बंद" असं लिहीत नाही. व्हॉल्व्ह बंद, हवा मारली, प्रत्येक नळातून नुसती हवा येते हे कानाने ऐकलं, कमोडच्या आणि जमिनीच्या ट्रॅपमध्ये (पाणी साचून राहतं त्या वळणात) न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ ओतलं, पाणी प्यायचा नळ वेगळा रिकामा केला, अशा पाच वेगळ्या ओळी, आणि प्रत्येकीपुढे करणाऱ्याचं नाव नि तारीख. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करतो, कॉम्प्रेसर त्या आठवड्यांत दुसऱ्या कुठल्याच कामाला देत नाही.