पेशी वाढताहेत म्हणून निर्धास्त राहू नका: सेल कल्चरमधल्या या चुका टाळा

फ्लास्क भरला की कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) उत्तम, असं धरून चालणारे फार. पेशी जोमानं वाढत असूनही भलत्याच असू शकतात, किंवा आतून पोखरलेल्या.

दोन सेल लाइन (एकाच नमुन्यातून वाढवत नेलेल्या पेशींचे वंश) एकाच वेळी हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कामाच्या कपाटात. वेळ वाचवायला केली जाणारी ही सर्वांत महागडी चूक, कारण एकीच्या पेशी दुसरीत मिसळल्या की जोमानं वाढणारी दुसरीला गिळते. अशी जोमानं वाढणारी लाइन म्हणजे हेला. हेला पेशी 1951 मध्ये बाल्टिमोरला कृष्णवर्णीय रुग्ण हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आल्या. 1966 मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून वापरात असलेल्या 18 मानवी लाइन तपासल्या. सगळ्यांत जी६पीडी एन्झाइमचा ए प्रकार निघाला, जो प्रामुख्यानं आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. पण यातल्या काही लाइन तरी गोऱ्या दात्यांच्या होत्या! हेलानं त्या केव्हाच गिळल्या होत्या. केबी, हेप-2, चँग लिव्हर ही नावं आजही ‘तोंड’, ‘स्वरयंत्र’, ‘यकृत’ म्हणून प्रबंधांत दिसतात, तिन्ही हेलाच.

एका वेळी एकच लाइन काढा. प्रत्येक लाइनची मीडियाची (पेशींच्या पोषक द्रवाची) बाटली वेगळी ठेवा. वापरलेलं पिपेट बाटलीत परत बुडवू नका. हळू वाढणारी लाइन आधी हाताळा, हेला सर्वांत शेवटी. शेजारच्या लॅबमधून ‘एक फ्लास्क’ मागून आणण्यापेक्षा पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) सारख्या सेल बँकेतून लाइन घ्या आणि मानवी लाइन असेल तर एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनएवरून पटवलेली ओळख) तपासून घ्या.

अँटिबायोटिक आहे, मग भीती कसली? भीती मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर (बाहेरच्या कडक आवरणावर) काम करतं आणि मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नसते. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो. मीडिया गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. पेशींची वाढ मंदावते, चयापचय बदलतो आणि महिनोन्‌महिन्यांचे निकाल वाया जातात. काही प्रजाती माणसाच्या तोंडातल्याच, त्यामुळे उघड्या फ्लास्कवर बोलणं बंद. नवी लाइन तपासणी होईपर्यंत वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस न बदललेल्या, अँटिबायोटिक नसलेल्या मीडियाची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) करा आणि पुढेही दर महिन्याला. लागण निघाली तर औषधं पाजत बसू नका. ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेनं सगळं मारा), गोठवून ठेवलेली स्वच्छ वायल (कुपी) काढा. रोजच्या कल्चरला पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन) घालूच नये, कारण ढिसाळ हात त्यामागे लपतो.

ट्रिप्सिन (फ्लास्कला चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) घालून चहाला जाणं. आधी कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित पीबीएसनं (मिठाच्या बफर द्रावणानं) दोनदा धुवा, कारण मीडियातलं उरलेलं सिरम (रक्तद्रव) ट्रिप्सिनला निकामी करतं. टी-25 ला (25 चौरस सेंटीमीटरच्या फ्लास्कला) 0.25 टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए 1 मिली पुरे. 37 अंशांवर ठेवा, दुसऱ्या मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेशी गोल झाल्या की फ्लास्कला हलकी टिचकी मारा आणि सिरमवाला मीडिया 4 मिली घाला. जास्त वेळ ठेवलं की पेशी फुटतात, डीएनए बाहेर येतो आणि चिकट गोळे होतात. ते पिपेटनं जोरजोरात फोडणं म्हणजे उरलेल्याही मारणं.

वायल घाईनं गोठवणं, सावकाश वितळवणं. नेमकं उलट करा. 10 टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना वाचवणाऱ्या द्रवात) मिनिटाला साधारण 1 अंश या वेगानं उणे 80 पर्यंत, दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजन. वितळवताना 37 अंशांत बर्फाचा कण उरेपर्यंतच, मग 9 मिली मीडियात थेंबथेंब.

इनक्युबेटरच्या ट्रेमध्ये नळाचं पाणी नको, निर्जंतुक डिस्टिल्ड घाला आणि दर आठवड्याला बदला.