डीएनए-सर्किटने थ्रॉम्बिन रोखू पाहणाऱ्यांसाठी

डीएनए-सर्किट म्हणजे ठरल्या क्रमाने एकमेकांना विस्थापित करणारे डीएनएचे धागे. त्यात टोहोल्ड (नवा धागा जिथे प्रथम पकड घेतो तो मोकळा तुकडा) म्हणजे काय आणि एक धागा दुसऱ्याला कसा विस्थापित करतो, हे तुम्ही वाचलेले आहे असे मी गृहीत धरते. सोलापुरात एम.एस्सी. करताना मी या विषयाकडे वळले, तेव्हा विचारायला जवळपास कोणी नव्हते. म्हणून जे मला फार उशिरा उमगले, तेच आधी सांगते.

सुरुवात थ्रॉम्बिनपासून, म्हणजे रक्ताची गुठळी घडवणाऱ्या एन्झाइमपासून, करावी, हा सल्ला योग्यच आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा १५ अक्षरांचा ॲप्टामर (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा डीएनए-धागा) लहान, स्वस्त आणि भरपूर अभ्यासलेला आहे. रचनाही साधी असते: ॲप्टामर पूरक धाग्याने बांधून ठेवायचा (ही जोडी म्हणजे गेट); इनपुट धागा टोहोल्डवर बसून तो पूरक धागा ओढून नेतो आणि मोकळा झालेला ॲप्टामर घडी घालून थ्रॉम्बिनला चिकटतो.

सापळा यापुढे आहे. एन्झाइमची क्रिया मोजायची म्हटली की हाताशी येते ते रंग सोडणारे छोटे पेप्टाइड सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्याला कापते तो पदार्थ), कारण ४०५ नॅनोमीटरला पिवळा रंग मोजणे कोणत्याही कॉलेजात जमते. सर्किट नीट चालते, ॲप्टामर सुटतो, चिकटतोही, आणि तरीही पिवळा रंग जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने वाढत राहतो. हा ॲप्टामर क्रियास्थळावर, म्हणजे एन्झाइम जिथे कापते त्या जागी, बसतच नाही. फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळी बनते ते प्रथिन) धरण्याची जी वेगळी जागा आहे, त्या एक्झोसाइट-१ वर तो बसतो. छोट्या पेप्टाइडला त्या जागेची गरज नसल्यामुळे ते सरळ क्रियास्थळात शिरते आणि कापले जाते. म्हणजे सर्किट निर्दोष असूनही आलेख सर्किट फसल्याचे सांगतो, आणि विद्यार्थी टोहोल्ड लांबवत, नवे धागे मागवत महिने घालवतो. फायब्रिनोजेन घाला आणि गुठळी धरायला लागणारा वेळ किंवा वाढता गढूळपणा मोजा. सोबत तीच अक्षरे विस्कटून केलेला धागा नियंत्रण म्हणून हवाच. त्याशिवाय आलेला निकाल मला दाखवूही नका.

बाकीच्या अडचणी सुटतात. टोहोल्ड सहा-सात अक्षरांपुढे नेऊन वेग फारसा वाढत नाही. ॲप्टामरची घडी टिकायला पोटॅशियम लागते, तर दुपदरी गेट घट्ट राहायला मॅग्नेशियम. बफरमध्ये दोन्ही ठेवा. इनपुट न घालताही क्रिया सुरुवातीलाच मंदावलेली दिसली, तर मोकळा ॲप्टामर आधीच उरलेला आहे, तेव्हा गेट जेलमधून शुद्ध करा. ती हळूहळू मंदावत गेली, तर गेटची टोके उसवत आहेत, तिथे दोन-तीन अक्षरांची जोड द्या. नुपॅकसारखे, धाग्यांच्या जोड्यांचा अंदाज देणारे सॉफ्टवेअर समतोल सांगते, वेग सांगत नाही, म्हणून त्याच्या आकृतीवर विसंबून मागणी नोंदवू नये. गाईड निवडताना मोठ्या नावापेक्षा तुमचा कच्चा आलेख शेजारी बसून पाहणारा माणूस शोधावा, असे माझे ठाम मत आहे.

शोधनिबंधांत सहसा २५ अंश तापमान गृहीत असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत छोटा टोहोल्ड धरून राहत नाही, म्हणून नळ्या तापमान-नियंत्रित वॉटर बाथमध्येच ठेवा. थ्रॉम्बिन शक्यतो सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत मागवा, म्हणजे वाटेत बर्फ टिकतो. सुकवलेल्या डीएनएला प्रवासातल्या उन्हाने फारसे काही होत नाही, तेव्हा धागे भर उन्हाळ्यातही निर्धास्त मागवता येतात.