सुतातल्या जीपचे मूळ नटबोल्ट: तयारीची यादी

जुन्या सीजे-३बी जीपचे नटबोल्ट कारखान्यातून आले तसे करायचे असतील, तर पाना हातात घेण्यापूर्वीची तयारीच जास्त वेळ खाते. खानदेशात ती होळीपूर्वी उरकलेली बरी, कारण वैशाखात पत्र्याच्या शेडबाहेर राहिलेला पाना उचलायलाही फडके लागते.

आधी मापे निश्चित करावीत. ही जीप अमेरिकी आराखड्याची असल्याने तिचे आटे इंची, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या बोलीत सुतातले आहेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून अडीच सुती बोल्ट पाच सोळांश इंचाचा, आणि त्याला बारीक आट्यात इंचाला २४ तर जाड आट्यात १८ फेरे असतात. त्याची जाडी ७.९४ मिलिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टाच्या इतकी जवळ, की नुसती नजर हमखास फसते. मी स्वतः एकदा मेट्रिक बोल्ट अडीच सुती नटात फिरवला. दोन फेरे सहज गेला, तिसऱ्याला अडकला, आणि जोर लावल्यावर नटाचे आटे भुशासारखे बाहेर आले. त्यामुळे जाडी मोजायचा व्हर्निअर आणि आट्यांचे फेरे ताडून पाहायचा इंची थ्रेड गेज आधी घ्यावेत, पानेही इंचीच घ्यावेत. अडीच सुती बोल्टाच्या डोक्याला चार सुती पाना लागतो. तिथे १३ मिलिमीटरचा पाना ढिला बसतो आणि कोपरे गोल करतो.

खोलताना प्रत्येक जोडाचा फोटो काढावा आणि त्याचे बोल्ट, वायसर व कॉटर पिना (नट सुटू नये म्हणून भोकातून घालून टोके वाकवलेल्या पिना) एकाच पिशवीत जागेचे नाव लिहून ठेवाव्यात. शाई डिझेलने पुसली जाते, म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरलेली चिठ्ठी उत्तम. सफाईपूर्वी बोल्टाच्या डोक्याखाली, जिथे वायसर दाबून बसलेला असतो, तिथे पाहावे: इतरत्र गंज चढला तरी त्या कड्यापुरता मूळ मुलामा बहुधा शिल्लक राहतो, आणि मूळ रंग काळा, राखाडी की चंदेरी होता हे तिथेच कळते. डोक्यावरच्या खुणाही नोंदवाव्यात. त्या बोल्टाची ताकद सांगतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे त्याहून मजबूत ग्रेड ८.

गंजासाठी एक भाग उसाची मळी आणि नऊ भाग पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात कालवून बोल्ट आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवावेत. मळी गंज सोडवते, पण चांगल्या लोखंडाला फारशी खात नाही. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात टाकू नयेत. पिंप घरापासून दूर ठेवावे, वास शेजाऱ्यांना सोसत नाही.

प्लेटिंगवाल्याकडे माल मोजून, यादीसह द्यावा. मूळ मुलामा कॅडमियमचा असला, तरी ते विषारी असल्याने त्याजागी निळसर-पांढऱ्या छटेचे झिंक करून घ्यावे, पण थर पातळ सांगावा, कारण ८ मायक्रॉनच्या थराने आट्यांचा प्रभावी व्यास सुमारे ३२ मायक्रॉनने वाढतो आणि नट जड जातो. ग्रेड ८ चे कडक बोल्ट प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंश सेल्सिअसवर काही तास भाजून घेण्याची सोय तिथे नसेल, तर ते देऊच नयेत: आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत शिरलेला हायड्रोजन त्यांना ठिसूळ करतो. आटे साफ करायला नवे आटे पाडणारा टॅप नव्हे, जुने आटे फक्त साफ करणारा थ्रेड चेसर वापरावा. टॅप धातू कापतो.

स्टिअरिंग, ब्रेक आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, तसेच कॉटर पिना, जुनेपणाचा कितीही लोभ असला तरी नवीन आणि योग्य ग्रेडचेच घ्यावेत. जुन्या ट्रॅक्टरांच्या सुट्या भागांच्या दुकानांत इंची माप अजून सापडते. जोडणीनंतर जळगावहून भुसावळपर्यंत जाऊन यावे आणि गाडी थंड झाल्यावर स्प्रिंगच्या पाट्यांच्या यू-बोल्टांना पुन्हा पाना लावावा.