आधी भिंत, मग हात

मे महिना लागला की पुण्यातले टँक मुलांनी भरून जातात आणि आठवड्याभरात आईबाबा विचारू लागतात, "मॅडम, फ्रीस्टाइल कधी येणार?" मी सहकारनगर भागात लहान मुलांना पोहायला शिकवते. माझं उत्तर ठरलेलं: मूल पाण्यात पडलं तर वळून भिंत धरतं का, ते आधी बघू.

सुरुवात मुलाच्या छातीएवढ्या पाण्यात करा. तोंड पाण्यात घालून नाकातून 'हम्म्म' आवाज काढायला लावा. आवाज चालू आहे तोवर नाकात पाणी शिरत नाही, हे त्याचं त्याला कळलं की निम्मी भीती जाते. "एकदा बुडवा, भीती मोडते" असा सल्ला देणारे काका प्रत्येक टँकवर भेटतात. मुळीच ऐकू नका. बळजबरीने बुडवलेलं मूल नंतर पायरी सोडत नाही.

मग उताणं तरंगणं. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण दमलेल्या मुलाला श्वास घ्यायची सोय हीच. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. कान पाण्यात, पोट वर. तुम्ही बाजूला उभे राहिलात तर मूल मान उचलून तुम्हाला शोधतं आणि कंबर लगेच बुडते. म्हणून डोक्यामागे उभे राहा. आधी कमरेखालचा हात काढा, मानेखाली दोन बोटं राहू द्या. सोडताना सांगून सोडा. "धरलंय, धरलंय" म्हणत गुपचूप सोडलंत, तर पुढच्या वेळी ते तुमच्यावर विश्वास का ठेवेल?

हे जमलं की काठावरून उडी, पाण्यातच वळणं, भिंत धरणं आणि हाताने सरकत शिडी गाठणं. रोज, कंटाळा येईपर्यंत. त्यानंतर पाय, किकबोर्ड (धरून पाय मारायची तरंगती फळी), हात हे भराभर येतं.

दंडावरचे हवेचे फुगे मी वापरू देत नाही. त्यांनी मूल पाण्यात उभं राहायला शिकतं आणि फुगे काढले की तसंच उभं खाली जातं. पूर्वी विहिरीवर शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधायचे, त्यात अंग निदान आडवं तरी राहायचं. कॉस्च्यूम निळा नको, पाण्यात दिसत नाही. भडक नारिंगी घ्या.

टँकमध्ये पोहता येतं म्हणून मुलाला खडकवासला धरणात उतरवू नका. तिथे तळाला गाळ, खोली एका पावलावर बदलते आणि धरायला काठ नसतो.

बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, ओरडायला श्वासच उरत नाही. म्हणून लाइफगार्ड असला तरी हात लांबवला की मूल हाती लागेल इतक्या अंतरावर राहा. फोन पिशवीत.

आणि बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल, तर त्याला उलटं धरून गरगर फिरवू नका, पोटही दाबू नका. कुणाला तरी १०८ किंवा ११२ लावायला सांगा आणि तुम्ही तोंडाने पाच श्वास द्या. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. मुलाला बॅचला घालाल त्याच महिन्यात याचं, म्हणजे सीपीआरचं, प्रशिक्षण स्वतः घ्या. मूल शुद्धीवर येऊन बोलायला लागलं, तरी दवाखान्यात न्याच.