खासगी पार्किंगची नोटीस आली? लगेच पैसे भरू नका

इंग्लंडमध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगची पिवळी नोटीस काचेवर दिसली की आपली माणसं घाबरून पैसे भरतात. तो सरकारी दंड नव्हे, खासगी कंपनीची मागणी आहे. आधी कंपनीकडेच लेखी हरकत घ्या. पाटीचा, तिकिटाचा फोटो जोडा. ती फेटाळली तर कंपनी बीपीए (ब्रिटिश पार्किंग असोसिएशन) या संघटनेची सदस्य असल्यास ‘पोपला’ या अपील-व्यवस्थेकडे, आयपीसी (इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी) या संघटनेची असल्यास ‘आयएएस’ (इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस, म्हणजे ‘स्वतंत्र अपील सेवा’) या व्यवस्थेकडे जा. दोन्ही व्यवस्थांमागे पार्किंग व्यवसायाच्याच संघटना आहेत, म्हणून आयएएसच्या नावातल्या ‘स्वतंत्र’ शब्दावर विसंबू नका, पुरावा भक्कम ठेवा. पोपलाचं अपील मोफत असतं, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. हरलात तरी कोर्टात बाजू मांडता येते. मात्र कोर्टाचे कागद आले तर उत्तर द्याच.