जपानी फाउंटन पेन: ते बिघडलंय म्हणण्याआधी या चुका टाळा

माझं पहिलं जपानी फाउंटन पेन मी माझ्याच हातांनी मारलं. नवंकोरं, बारीक निबाचं. दोन-तीन दिवस लिहिल्यावर ते कागदावर खरखरतंय असं वाटायला लागलं. धीर कुठला धरवतोय! बारीक सँडपेपर आणला आणि निबाचं टोक त्यावर गोल गोल घासलं. पाच मिनिटांत खरखर गेली, आणि तिच्याबरोबर रेघही गेली. टोक इतकं गुळगुळीत झालं होतं, की जिच्यातून शाई उतरते ती मधली फट कागदाला टेकेचना. प्रत्येक शब्दाचा पहिला फटका कोरा. मूळ पेनात दोष नव्हताच, हे खूप उशिरा कळलं. मी ते बॉलपेनसारखं धरत होतो, निब एका कुशीवर वळवून.

तेव्हापासून कुणी ‘पेन बिघडलंय’ म्हणालं की मी आधी कागद बघतो, मग शाई विचारतो, मग समोर दोन ओळी लिहायला लावतो. पेनाची पाळी सगळ्यात शेवटी येते. बऱ्याचदा तिथवर जावंच लागत नाही.

निबावरचं अक्षर वाचून फसू नका

जपानमधल्या तीन मोठ्या कंपन्या म्हणजे सेलर, पायलट आणि प्लॅटिनम. तिघींच्या निबांवर एफ (फाइन, बारीक), एम (मीडियम, मध्यम), बी (ब्रॉड, जाड) अशीच अक्षरं असतात, पण त्यांचा अर्थ युरोपीय पेनांपेक्षा साधारण एक पायरी बारीक. जपानी एफ युरोपीय ईएफच्या (एक्स्ट्रा फाइन, अतिबारीक) जवळ जातं आणि जपानी एम युरोपीय एफच्या. आधी जर्मन पेनाचं एफ वापरलेला माणूस तेच अक्षर बघून जपानी पेन घेतो आणि मग म्हणतो, रेघ केसासारखी येते.

हे उगाच झालेलं नाही. जपानी लेखनात कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली गुंतागुंतीची अक्षरं, लहानशा चौकटीत बसवायची असतात, आणि खिन्नतेसाठीचं एक कांजी तर चक्क २९ फटक्यांचं आहे. जाड निबाने ते लिहिलं तर कागदावर शाईचा ठिपका उरेल. आपल्या अक्षरांनाही ही अडचण थोडीफार येते. रोज ज्या आकारात लिहिता त्याच आकारात हाती असलेल्या पेनाने ‘ध’, ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ लिहून बघा. ‘ध’ची गाठ बुजून तो ‘घ’ वाटायला लागला, तर एक पायरी बारीक निब हवं. पोकळ्या मोकळ्या राहत असतील, तर जपानी एम बिनधास्त घ्या. जपानी वह्यांत ओळींमधलं अंतर बहुधा ६ किंवा ७ मिलिमीटर असतं. अक्षर त्यात आरामात मावत असेल, तर ईएफच्या वाटेला जायची गरज नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या पेनाला ईएफ घेऊच नका. निब जितकं बारीक, तितके धरण्यातले दोष उघडे पडतात.

मुळात आपल्याला किती जाडी झेपते हेच माहीत नसेल, तर प्लॅटिनमचं प्रेपी स्वस्तात शिकवून जातं. त्याच्या निबांना ०२, ०३, ०५ असे आकडेच दिलेले आहेत, म्हणजे ०.२, ०.३ आणि ०.५ मिलिमीटर.

पण म्हणून पेनावरच्या प्रत्येक आकड्याला जाडी समजू नका. प्लॅटिनमचं ‘३७७६’ ही फुजी पर्वताची मीटरमधली उंची आहे. सेलरचं ‘१९११’ हे कंपनी सुरू झाली ते साल. पायलटच्या कस्टम मालिकेत पहिले दोन आकडे म्हणजे १९१८ पासून मोजलेली कंपनीची वर्षं, आणि तिसरा असलाच तर मूळ किंमत, दहा-दहा हजार येनमध्ये. म्हणून १९९२ चं ते कस्टम ७४, आणि ७४३ म्हणजे त्याच घराण्यातलं, ३० हजार येनांना आलेलं. आता किमती वाढल्यात, नावं तीच राहिलीत.

खरखर आणि ‘दाणा’ यातला फरक न ओळखणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, मला पडली तशी. पायलटचं निब सहसा गुळगुळीत चालतं. सेलर आणि प्लॅटिनमच्या निबांत मात्र पेन्सिलीने लिहिताना लागतो तसा बारीक दाणा हाताला लागतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो, आणि कित्येकांना त्याच्यासाठीच ही पेनं हवी असतात. मलाही आता गुळगुळीत पेन निसटतं वाटतं. पण ज्याला काचेवर बोट फिरवल्यासारखं लिहायला आवडतं, त्याने नुसत्या कौतुकावर विसंबून सेलर घेऊ नये.

दाणा आहे की दोष, हे ओळखायची युक्ती सोपी. अजिबात जोर न देता, पेनाच्या स्वतःच्या वजनावर चार रेघा ओढा: वरून खाली, खालून वर, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. चारही दिशांना सारखंच जाणवतंय, तर तो निबाचा स्वभाव किंवा कागदाचा पोत. एकाच दिशेला टोचतंय, तर निबाची दोन पाती एका पातळीत नाहीत. दहापट दाखवणारं भिंग घ्या, टोक समोरून बघा. एक पातं केसभर वर दिसेल. नखाने तेवढंच पातं हलकेच खाली दाबायचं, बघायचं, पुन्हा दाबायचं. हात थरथरत असेल तर विकणाऱ्याकडे परत पाठवा. सँडपेपरचं नाव काढू नका.

त्याआधी एक गोष्ट मात्र बघाच. तुम्ही निब फिरवून तर धरत नाही ना? पायलटचं काकुनो यासाठी भारी आहे. २०१३ मध्ये मुलांसाठी आलेलं हे पेन. त्याच्या निबावर हसरा चेहरा कोरलेला आहे आणि पकड तीन बाजूंची. लिहिताना चेहरा सरळ तुमच्याकडे बघत असेल तर पेन बरोबर धरलंय. तो भिंतीकडे बघत असेल, तर तुमची खरखर तिथून येतेय. चेहरा नसलेल्या पेनातही निबाची सपाट बाजू तशीच आभाळाकडे हवी.

आणि दाबू नका. बॉलपेनला जोर लागतो, कारण गोळी फिरवायची असते. इथे शाई आपोआप उतरते. दाबलं की पाती फाकतात, रेघ फुगते, आणि काही महिन्यांनी पाती फाकलेलीच राहतात. ‘सॉफ्ट फाइन’ नाव बघून मुद्दाम जोर देणारे तर हमखास निब वाया घालवतात. त्यातला मऊपणा उशीसारखा असतो, ब्रशसारखा नाही.

सोन्याचं निब म्हणजे जास्त गुळगुळीत?

नाही. कागदाला सोनं टेकतच नाही. स्टीलचं असो की सोन्याचं, टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो आणि लिहितो तो. तो मणी कसा घासला आहे यावर सगळं अवलंबून. १४ कॅरेटच्या निबात सोनं ५८.५ टक्के, सेलरच्या २१ कॅरेटच्यात ८७.५ टक्के; फरक पडतो तो लवचीकपणात. रोजच्या लिहिण्याला काकुनोचं स्टील पुरून उरतं. सोन्याचं घ्या, पण ते हवंसं वाटतं म्हणून घ्या.

कार्ट्रिज कुठल्याही पेनात बसते हा समज

तिन्ही कंपन्यांच्या कार्ट्रिज (शाई भरलेली तयार कुपी) आणि कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून घेणारी कुपी) वेगवेगळे. एकाचं दुसऱ्यात बसत नाही, आणि युरोपात चालणारी प्रमाण मापाची कार्ट्रिजही थेट बसत नाही. जोर लावून बसवलं तर आतली नळी चिरते. एकाच कंपनीतही बघून घ्यावं लागतं: पायलटचा बटण दाबून भरायचा मोठा कॉन-७० कन्व्हर्टर त्यांच्याच कॅपलेस या बिनटोपणाच्या पेनात मावत नाही, तिथे कॉन-४० लागतो. प्लॅटिनमची कार्ट्रिज हलवल्यावर टिकटिक वाजली तर घाबरू नका, आत छोटी गोळी असते.

कॅपलेसचं निघालंच आहे, तर घेण्याआधी एक करा. १९६३ पासून चालत आलेलं हे बटणाचं पेन सुंदरच आहे, पण त्याची क्लिप निबाच्या बाजूला असते, म्हणजे नेमकी बोटांच्या पकडीत. हातातल्या साध्या पेनावर, पकडीच्या वरच्या बाजूला आगपेटीची काडी चिकटवा आणि पानभर लिहा. पानाच्या शेवटी काडीचा विसर पडला असेल तर कॅपलेस तुमचंच.

शाई अडतेय?

नवं पेन पहिल्याच दिवशी अडखळत असेल तर आधी धुवा. कारखान्यातला तेलकटपणा निबाखालच्या काळ्या जिभेत राहिलेला असतो. साधं पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, कन्व्हर्टरने दहा-बारा वेळा आत-बाहेर, मग नुसत्या पाण्याने तेच. गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच.

धुऊनही रेघ तुटत असेल तर शाई बदलून बघा. काही शायांची धार कोरडी असते, काहींची मोकळी. पायलटची इरोशिझुकू मोकळी वाहते, त्यामुळे कंजूष निबाला ती मानवते. अधूनमधून एखादं अक्षर एकदम जाड आणि झुबकेदार उमटतं, तेव्हा निब वर धरून उजेडात बघा. पात्यांमध्ये कागदाचा एखादा तंतू अडकलेला दिसेल. बारीक जपानी निबं कागद खरवडून असे तंतू गोळा करतात. पातळ प्लॅस्टिकचा किंवा पितळी पत्र्याचा तुकडा फटीतून एकदाच ओढला की काम झालं.

कन्व्हर्टर अर्धा भरलेला दिसतो, तरी पेन कोरडं? शाई मागच्या टोकाला चिकटून बसली आहे. टिचकी मारा, खाली येते.

आणि एक पायलट कस्टम ८२३ वाल्यांसाठी. ‘हजारो येन घातले आणि पान-दीड पानात शाई संपते’ ही तक्रार मी किती वेळा ऐकली असेल! या पेनात शाई थेट दांड्यात भरते, आणि मागची घुंडी घट्ट बंद असली की टाकीतून निबाकडे जाणारी वाटही बंद राहते. प्रवासात गळू नये म्हणून ती सोय आहे. बसून लिहायचं असेल तेव्हा घुंडी थोडी सैल करा. बस्स.

कुठली शाई घालू नये

शेलॅक (लाख) किंवा ॲक्रिलिक असलेली चित्रकलेची शाई कधीच नाही. ती आत वाळली की दगड. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक, सेलरची किवागुरो या रंगकणांच्या शाया फाउंटन पेनासाठीच बनवलेल्या, पाण्याने न पुसणाऱ्या. पण त्या घातल्या तर पेन रोज चाललं पाहिजे. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक लोहयुक्त आहे, तिच्यावर दुसरी शाई ओतण्याआधी पेन नीट धुवा. चमकीच्या शाया ईएफमध्ये घालणं म्हणजे गाळणीतून वाळू ओतण्यासारखं.

पेन विसरून ठेवायची सवय असेल तर प्लॅटिनमचं ३७७६ सेंच्युरी बघा. टोपणात स्प्रिंगवरचं आतलं टोपण असतं, ते निबावर हवाबंद बसतं. दोन वर्षं शाई ओली राहते असा कंपनीचा दावा आहे. दोन वर्षं थांबायचा संयम माझ्यात नाही, पण महिनोन्‌महिने खणात पडून राहिलेलं माझं पेन पहिल्या फटक्याला लिहितं झालंय.

गळती

पेन गळतंय म्हणजे फुटलंय असं नाही. शाई तळाला आली की तिच्या जागी हवा भरलेली असते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि उरलेली शाई निबातून बाहेर ढकलते. म्हणून शेवटच्या चतुर्थांशात डाग पडतात आणि भरलेल्या पेनात पडत नाहीत. पाव शिल्लक राहिली की भरून टाका. विमानातही हेच, तिथे फक्त बाहेरचा दाब कमी होतो: पेन पूर्ण भरलेलं न्या किंवा पूर्ण रिकामं, निब वर करून खिशात उभं. उतरल्यावर टोपण उघडताना टिशू हाताशी असू द्या, आणि पांढरा शर्ट असेल तर ते कागदपत्रांच्या रांगेत उभं राहून उघडू नका.