क्वार्ट्झ स्फटिकावर रक्तद्रवाची चाचणी कशी करावी
जर्मन भौतिकशास्त्रज्ञ झाउअरब्राय यांच्या १९५९ च्या सूत्रानुसार, ५ मेगाहर्ट्झने कंप पावणाऱ्या स्फटिकाची वारंवारता (दर सेकंदाची कंपने) १ हर्ट्झने घटली की दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १७.७ नॅनोग्रॅम वस्तुमान बसले असे समजावे. मात्र हे पातळ, घट्ट थरापुरतेच खरे आहे. प्रथम स्फटिकावरील सोन्याच्या इलेक्ट्रोडवर, शोधायचा रेणू पकडणारी प्रतिपिंडे बसवावीत आणि मोकळ्या जागा अल्ब्युमिनने झाकाव्यात, अन्यथा भलतीच प्रथिने तेथे चिकटतात. मग बफर, म्हणजे आम्लता स्थिर राखणारे द्रावण, सोडावा. कोरड्या स्फटिकाच्या एका बाजूला पाणी लागताच वारंवारता सुमारे ७०० हर्ट्झने उतरते. ही घट आजाराचा पुरावा नव्हे, म्हणून आधाररेषा (नमुन्याआधीची वारंवारता) स्थिर होईपर्यंत थांबावेच. बुडबुडा दिसल्यास वाचन टाकून द्यावे. नमुन्यानंतर त्याच बफरने धुऊन उरलेली घटच मोजावी, कारण रक्तद्रवाचा दाटपणाही वारंवारता उतरवतो; रुग्णाच्या उशाशी कितीही घाई असली तरी ही पायरी गाळणे मला अक्षम्य वाटते.